मशीन नवं, पुस्तिका जुनी? बोट सुटण्याआधी हे तपासा



बंदीच्या ६१ दिवसांत आपण इंजिन उघडतो, जाळी दुरुस्त करतो, बोटीला रंग काढतो. त्यातच आणखी एक काम करा. जीपीएस, फिश फाइंडर आणि डॅट यांची माहितीपुस्तिका आपल्या मशीनशी जुळते का, ते बघा.

बॉक्समधून आलेली पुस्तिका त्या वेळच्या सॉफ्टवेअरची असते. पुढे अपडेट येतं, मेनू बदलतो, पुस्तिका मात्र तीच राहते.

जीपीएसचंच घ्या. त्याचा जुना सिग्नल ० ते १०२३ इतकेच आठवडे मोजतो आणि परत शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, तेव्हा अपडेट नसलेल्या काही जुन्या मशीनांची तारीख जवळजवळ २० वर्षं मागे गेली. जागा बरोबर दाखवली, तरी तारीख चुकली की मशीनवरची भरती-ओहोटीची वेळही चुकते. नदीच्या तोंडावर वाळू साचलेली असताना अशा वेळेवर विसंबणं धोक्याचं. हेच परत नोव्हेंबर २०३८ मध्ये होणार आहे.

डॅटचं तर त्याहून गंभीर. इस्रोच्या पहिल्या डॅटवरून संकटाचा संदेश उपग्रहामार्फत जातो, पण पोहोचला की नाही ते बोटीवर कळत नाही. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटवर पोच परत येते. जुन्या डॅटजवळ नवं पत्रक असेल, तर खलाशी न येणाऱ्या पोचेची वाट बघत बसेल. नव्या डॅटजवळ जुनं पत्रक असेल, तर आलेली पोच बघणारच नाही.

म्हणून संस्थेत आम्ही अशी पद्धत ठेवली आहे:

१. प्रत्येक पीडीएफच्या नावातच मॉडेल, सॉफ्टवेअर व्हर्जन आणि तारीख.
२. नवी पुस्तिका आली की काय बदललं ते पहिल्या पानावर मराठीत, चार ओळींत.
३. जुनी पुस्तिका काढून टाकत नाही, कारण काही बोटींवर जुनंच सॉफ्टवेअर आहे. ती कुठल्या व्हर्जनपर्यंत चालेल, ते तिच्यावर ठळक लिहितो.

तुम्ही एवढं करा:

• मशीनच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम' किंवा 'अबाउट' उघडून व्हर्जनचा फोटो काढा. मॉडेल नंबरसह आम्हाला पाठवा.
• अपडेट करण्याआधी सेव्ह केलेले पॉइंट वहीत उतरवून घ्या.
• व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ नंबर जुळल्याशिवाय वापरू नका.
• डॅटचं संकटाचं बटण 'बघूया चालतं का' म्हणून दाबू नका.

आणि पुस्तिका फक्त तांडेलाच्या मोबाईलवर नको. एक प्रत केबिनमध्ये लावा आणि सगळ्या खलाशांना वाचून दाखवा. तांडेलच आजारी पडला, तर बटण दुसऱ्यालाच दाबावं लागेल.

१ ऑगस्टच्या आधी हे काम उरका. आपल्या जेटीवरच्या सगळ्यांपर्यंत पोहोचवा.