साक्रीच्या उन्हात कोणते आयसोपॉड टिकतात?

या आठवड्यात सगळ्यात जास्त आलेला प्रश्न घेतो. बायोअ‍ॅक्टिव्ह पेटीत, म्हणजे माती, झाडं आणि सफाई करणारे जीव एकत्र नांदतात त्या काचेच्या पेटीत, आयसोपॉड कोणते सोडायचे?

कुंडी उचलली की खालून पळणारे राखाडी, १४ पायांचे जीव तुम्ही पाहिलेच असतील. ते कीटक नाहीत, खेकडा-कोळंबीच्या नात्यातले आहेत. जमिनीवर राहायला आले खरे, पण श्वास अजून पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या पापुद्र्यांनी घेतात. ते पापुद्रे सुकले की जीव गेलाच.

मला हे उशिरा कळलं. आधी मी ‘ड्वार्फ व्हाइट’ आणले. इवलेसे, पांढरे, नराशिवायही मादी पिल्लं देते, त्यामुळे झपाट्याने वाढतात. नेचे-शेवाळाच्या ओल्या पेटीला यांच्यासारखं दुसरं नाही. पण मे महिन्यात मी चार दिवस लग्नाला गेलो. परत आलो तर माती खापरासारखी! आई डोकावून म्हणाली, "हाई काय शे रे?" काय सांगणार? आपल्या तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उगाच नाही उभारला.

म्हणून आता मी पेटीचा सगळ्यात कोरडा दिवस धरून जात निवडतो. आपल्याकडे ‘पावडरी’ बरे, शास्त्रीय नाव पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस. अंगावर पिठी भुरभुरल्यासारखे दिसतात, पळतात भन्नाट. पेटीचा एक कोपरा ओला ठेवला की उरलेला कोरडेपणा ते सोसतात. शेणखताच्या ढिगाऱ्यातही सापडतात, फक्त फवारणी झालेल्या कांद्याच्या वावरातून उचलू नका.

पोर्सेलिओ लेव्हिस मोठे आणि देखणे, पण भूक राक्षसी. प्रथिनं कमी पडली तर कात टाकणाऱ्या मऊ जिवालाही कुरतडतात, म्हणून बेडकाच्या पेटीत मी ते टाकत नाही. आणि थायलंडचे ‘रबर डकी’? महाग, पिल्लं सावकाश. सफाईला ते घेणं म्हणजे पैठणी नेसून अंगण झाडणं.

अर्धा पांढरा, अर्धा राखाडी दिसला तर घाबरू नका. आयसोपॉड आधी मागची कात टाकतो, मग पुढची. अंड्याच्या टरफलांची पूड तेवढी घाला, कॅल्शियम लागतं.

दहा-वीस आणून आधी वेगळ्या डब्यात महिनाभर वाढवा, मगच पेटीत सोडा. जास्तीचे झाले तर मित्राला द्या. बाहेरून आणलेली जात कान नदीच्या काठी सोडायची नाही हां!