आजच्या दिवसापुरता धीर : ख्रिस्ती श्रद्धेतील शांती व सहनशीलता

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, बाह्यरुग्ण विभागातील नोंदणी, शस्त्रक्रिया, देणग्या व जमाखर्च यांचा तपशील येतो आणि तो यावयासच हवा. परंतु रुग्णालयात दिवसभर सर्वाधिक खर्ची पडणारी एक गोष्ट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ती म्हणजे धीर. तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत बाकावर बसून राहिलेले नातेवाईक, सलग दुसरी पाळी करणारी परिचारिका, बिलाच्या खिडकीपुढे पैशांची जुळवाजुळव करणारा मुलगा आणि त्याच खिडकीच्या आत बसलेला रोखपाल, या सर्वांच्या धीराची येथे रोज कसोटी लागते. तो सुटला म्हणजे प्रथम आवाज चढतो, मग शब्द सुटतात आणि क्वचित हातही उगारला जातो. वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचारास आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. कायद्याने मारहाणीस शिक्षा होते. धीर मात्र कायद्याने उत्पन्न होत नाही. तो कोठून येतो, याचे ख्रिस्ती श्रद्धेने दिलेले उत्तर सर्व धर्मांच्या वाचकांस समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांचा अर्थ

बायबलमध्ये शांतीसाठी येणारा इब्री शब्द ‘शालोम’ हा आहे. त्याचा अर्थ केवळ गडबड नसणे असा नाही. पूर्णत्व, क्षेमकुशल, सर्व काही जागच्या जागी असणे, असा त्याचा व्यापक आशय आहे. त्याच धातूपासून देणे फेडणे, भरपाई करणे या अर्थाचे क्रियापद होते. हिशेबाच्या कामात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस हे नाते चटकन पटते. हिशेब चुकता झाला की मनास जी स्वस्थता लाभते, तिचाच हा विस्तार होय.

सहनशीलतेसाठी नव्या करारातील ग्रीक भाषेत मुख्यत्वे दोन शब्द आहेत. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग येण्यास लांबचा पल्ला लागणे. हा गुण माणसांच्या बाबतीत लागतो. ‘हुपोमोने’ म्हणजे भाराखाली टिकून राहणे. हा गुण परिस्थितीच्या बाबतीत लागतो. त्रागा करणाऱ्या नातेवाइकाशी बोलताना परिचारिकेस पहिला हवा असतो, तर वर्षानुवर्षे डायलिसिसवर असणाऱ्या रुग्णास दुसरा. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगितली असून, त्यांत प्रीती व आनंद यांच्यापाठोपाठ शांती आणि सहनशीलता लागून येतात. ‘फळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. फळ हुकमाने लागत नाही, त्यास ऋतू लागतो. नागपुरी संत्र्याच्या बागा पाहिलेल्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको.

नागपूरहून निघालेली आगगाडी

या विषयाचे मराठी मनास सर्वांत जवळचे उदाहरण शोधताना नागपूर सोडून दूर जावे लागत नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे १८९० नंतरच्या काही वर्षांत नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम करीत होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता डब्यातील एका सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचण्यास घेतली आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

डोंगरावरील प्रवचन मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांत आहे. त्यातील मधल्या अध्यायात जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना येते. तीत अन्न मागितले आहे ते आजच्या दिवसाचे. वर्षाच्या बेगमीची मागणी तीत नाही. त्याच अध्यायाच्या अखेरीस येशूने शिष्यांस उद्याची चिंता उद्यावर सोपविण्यास सांगितले आहे. याचाच अर्थ असा की, या श्रद्धेत धीराचे माप एक दिवस हे आहे. ‘सहा महिने कसे काढायचे?’ या प्रश्नास मनुष्याजवळ उत्तर नसते. ‘आजची रात्र कशी काढायची?’ या प्रश्नास बहुधा असते. कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांस आम्ही हेच सुचवितो.

या प्रार्थनेतील दुसरी मागणी क्षमेची आहे. मत्तयाच्या पाठात, आणि म्हणून मराठी बायबलातही, तेथे ‘ऋण’ हा शब्द येतो. आपले ऋण माफ व्हावे असे वाटणाऱ्याने आपल्या ऋणकोसही मोकळे करावे, असा तिचा आशय आहे. मनातील पुष्कळशी अशांती ही वसूल न झालेल्या येण्याची असते. कोणी आपणास मान दिला नाही, कोणी वेळेवर मदत केली नाही, भाऊ दवाखान्यात फिरकला नाही, अशा थकबाकीची वही आपण रोज उघडून बसतो. प्रार्थना ती वही रोज मिटविण्यास सांगते. अन्न रोजचे, क्षमाही रोजची. दोन्हींचा साठा करता येत नाही.

टिळक दांपत्याची पाच वर्षे

रेव्हरंड टिळक हे स्वभावाने शांत गृहस्थ नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात उदारता आहे, विसराळूपणा आहे आणि तापटपणाही आहे. ख्रिस्ती होताच मनुष्य मवाळ होतो, अशी समजूत कोणाची असल्यास त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त होती. लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन नातेवाइकांच्या आश्रयास राहिल्या. पतीच्या धर्मांतराचा आघात त्यांनी मनावर व शरीरावर सोसला. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या स्वतःचा धर्म व सोवळे सांभाळूनच. तापट टिळकांनी या एका बाबतीत घाई केली नाही. त्यांनी पत्नीवर धर्म लादला नाही, तिची वेगळी चूल वेगळीच राहू दिली. मनुष्यामनुष्यांतील जातीची भिंत देवाने घातलेली नाही, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःच्या विचाराने केला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

येथे ‘माक्रोथुमिया’ आणि ‘हुपोमोने’ हे दोन्ही गुण एका संसारात दिसतात. स्वभाव पालटला म्हणून धीर आला, असे झाले नाही. स्वभाव तापटच राहिला, आणि तरीही जेथे दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता तेथे तो आवरला गेला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या व विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. टिळकांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते स्वतः म्हणत, ही गोष्ट या मातीतील वाचकांस विशेष जवळची वाटेल.

संसारी माणसाची साधना

टिळकांसारखे जीवन सर्वांच्या वाट्यास येत नाही. सामान्य संसारी माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे नाव नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मात्र ते आद्याक्षरांत दडलेले आहे. ‘एसएफएस’ शाळा व महाविद्यालय आणि नागपूरचे कॅथलिक कॅथेड्रल ज्यांच्या नावे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिजीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ मठवासीयांसाठी नव्हता, तर घरदार व कामधंदा सांभाळणाऱ्यांसाठी होता. व्यापारी, सैनिक, गृहिणी यांनी आपापल्या कामात राहूनच भक्ती साधावी, हे त्यांचे मुख्य सांगणे होते.

त्यांनी घालून दिलेला क्रम साधा आहे. सकाळी थोडा वेळ प्रार्थना करून येणाऱ्या दिवसाचा विचार करावा : आज कोणाशी गाठ पडणार, कोठे राग येण्याचा संभव आहे, तेथे आपण काय करणार. रात्री निजण्यापूर्वी दिवसाचा आढावा घ्यावा, चुकले त्याची क्षमा मागावी आणि लाभले त्याबद्दल आभार मानावेत. त्यांचा आणखी एक सल्ला मोलाचा आहे. दुसऱ्याशी सौम्य वागावे तसे स्वतःशीही वागावे. आपण चिडलो म्हणून स्वतःवर चिडणे हा रागाचाच दुसरा फेरा आहे, त्यातून शांती येत नाही. थकलेल्या शुश्रूषा करणाऱ्यांस या सल्ल्याची सर्वाधिक गरज असते.

सहनशीलता म्हणजे काय नव्हे

रुग्णालय या नात्याने तीन गोष्टी स्पष्टपणे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट, प्रार्थना हा औषधोपचारास पर्याय नाही. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. इतरांनी रुग्णांसाठी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. श्रद्धावानांनी यामुळे विचलित होण्याचे कारण नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने आपल्यापुढील दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती आणि तो टळला नाही. त्यास सामोरे जाण्याचे बळ मात्र त्याच्या ठायी दिसले. प्रार्थनेकडून अपेक्षा ठेवावी ती या बळाची. छातीत कळ आली असता किंवा मुलाचा ताप उतरत नसता ‘धीर धरू’ म्हणून घरी बसणे ही सहनशीलता नव्हे, तो धोका आहे.

दुसरी गोष्ट, तक्रार करणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांत देवास जाब विचारला आहे, विलंबाबद्दल गाऱ्हाणे मांडले आहे. तेव्हा वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णास ‘सहन करा’ असे सांगून गप्प बसविणे ख्रिस्ती शिकवणीस धरून नाही. वेदना मोजावी, तिच्यावर उपचार करावा आणि रुग्णाचे ऐकून घ्यावे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी संपूर्ण वेदना त्यांनी विचारात घेतली आणि वेदनाशामक औषध नियमित वेळी देण्याचा आग्रह धरला. भारतातील पहिले हॉस्पिस ‘शांती अवेदना’ हे १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उभे राहिले. त्याच्या नावातच शांती आणि वेदनेपासून मुक्ती शेजारी शेजारी आहेत.

तिसरी गोष्ट, घरातील छळ किंवा कामाच्या ठिकाणचा अन्याय मुकाट्याने सोसणे हा सद्गुण नाही. क्षमा मनातील कटुता सोडावयास सांगते, मदत मागण्याचा हक्क सोडावयास सांगत नाही.

बिलाच्या खिडकीपाशी

या साऱ्याचा रुग्णालयाच्या कारभाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. खाट आणि पैसा यांची तजवीज योजनेने झाली. परंतु शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला हाती धरून उभ्या असलेल्या वृद्ध बाईशी कोणत्या स्वरात बोलावे, हे योजनेत लिहिलेले नाही. ती तिसऱ्यांदा अपुरे कागद घेऊन आली असेल, रांग लांबली असेल, आणि आतल्या कर्मचाऱ्याच्या घरीही कोणी आजारी असेल. ख्रिस्ती श्रद्धेतील शांती व सहनशीलता खरी की खोटी, याचा निर्णय चर्चमध्ये जेवढा होतो तेवढाच त्या क्षणी होतो. थकबाकी वहीत नोंदवावीच लागते, ती आमची जबाबदारी आहे. मात्र ती नोंद त्या बाईच्या वाट्यास येणाऱ्या वागणुकीत उमटू नये, हीही आमचीच जबाबदारी आहे.

याच कारणाने सकाळच्या पाळीपूर्वी आम्ही काही मिनिटे प्रार्थनेसाठी एकत्र येतो. उपस्थिती ऐच्छिक असते आणि अन्य धर्मांचे सहकारीही आपापल्या रीतीने तीत सहभागी होतात. त्या काही मिनिटांत रांग कमी होत नाही आणि खाटाही वाढत नाहीत. समोर येणारा प्रत्येक मनुष्य हा आजच्या दिवसाचे आपले काम आहे, एवढी जाणीव घेऊन आम्ही आपापल्या जागी जातो. ती दुपारपर्यंत पुष्कळदा विरते, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा एकत्र येतो.

रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकास, येथे सेवा करणाऱ्या प्रत्येकास आणि आपल्या देणगीने हे कार्य चालविणाऱ्या सर्व हितचिंतकांस आजच्या दिवसापुरता धीर आणि आजच्या दिवसाची शांती लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.