मुक्तस्रोत प्रकल्पातील विश्वास आणि पाठशुद्धीची परंपरा

गुरुग्राम किंवा पुणे येथील सॉफ्टवेअर कंपनीत उमेदवाराला प्रवेश मिळतो तो बहुधा पदवी आणि मुलाखत यांच्या बळावर. ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते अशा मुक्तस्रोत प्रकल्पात हा क्रम उलटा असतो : आधी काम, मग अधिकार. 1991 साली सुरू झालेल्या लिनक्सचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नवागत एखादी लहान चूक शोधतो व तिची दुरुस्ती सकारण सादर करतो. त्या विभागाचा देखभालकर्ता ती तपासतो, आक्षेप घेतो, अनेकदा परत पाठवतो. स्वीकृत दुरुस्तीखाली ती करणाऱ्याचे आणि पुढे पाठवणाऱ्याचे नाव नोंदले जाते. ही प्रथा 2004 पासूनची. आक्षेपांना दिलेली उत्तरे आणि स्वतःच्या दुरुस्तीतून उद्भवलेले दोष निस्तरण्याची तयारी यांतून ते नाव विश्वासार्ह ठरते. यथावकाश इतरांचे काम तपासण्याचा अधिकारही त्याच्याकडे येतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. हस्तलिखितांच्या काळात प्रत्येक नक्कलकार हा संभाव्य सहलेखक होता. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत नव्या ओव्या न घालण्याविषयी बजावले. पाठात हात घालण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोहोंकडे समान आहे. एकनाथांनी पाठ निश्चित करून त्याचे उत्तर दिले. मुक्तस्रोत प्रकल्पाला मात्र पाठ सतत खुला ठेवावा लागतो.

या खुलेपणातील धोका 2024 मध्ये प्रत्ययास आला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने 2021 पासून फायलींचा आकार लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या प्रकल्पात उपयुक्त काम केले, भाराने थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादन करून सहदेखभालकर्त्याचे स्थान मिळवले आणि फेब्रुवारी 2024 च्या आवृत्तीत चोरवाट घातली. प्रक्षेपकार येथे मान्यताप्राप्त संपादकच होता. शिवाय ती चोरवाट कार्यान्वित करणारा अंश सर्वांना दिसणाऱ्या मूळ पाठात नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत होता. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेत आंद्रेस फ्रॉइंड यांनी 29 मार्च 2024 रोजी हा प्रकार उघडकीस आणला.

तात्पर्य, विश्वास ही एकदा मिळाली की कायम राहणारी सनद नव्हे. ख्यातनाम संपादकाची प्रतही मुळाशी ताडून पाहावी लागते, हा पाठचिकित्सेचा जुना नियम आज्ञावलीलाही तितकाच लागू पडतो. आणि ताडून पाहणारा वाचक हा अशा प्रकल्पाचा लेखकाइतकाच महत्त्वाचा घटक ठरतो.