गादीवरून सांगितलेले पथ्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाख महिना होता आणि आमच्या तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन दहाला सुरू व्हायचे ते अकराला सुरू झाले, एक वाजता संपले आणि महाप्रसादाच्या पंगती त्यानंतर मांडल्या गेल्या. पत्र्याच्या मांडवाखाली पाच-सहाशे माणसे बसलेली. त्यांतल्या साठी ओलांडलेल्या एक बाई उठता उठता कोसळल्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी त्या रोज घेत. ती सकाळी घेतलेली होती. काला मुखी पडेपर्यंत पाणीही घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. लोकांनी कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतले, पदराने वारा घातला आणि मग जीप शोधली. माझ्या दवाखान्यात त्या पोहोचल्या तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. कातडी भाजत होती, शुद्ध हरपली होती आणि ताप १०६ अंशांपुढे गेला होता. बर्फ, ओल्या चादरी, सलाइन, जे हाताशी होते ते सारे करून त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्या गोळीची चिठ्ठी माझ्याच हातची होती. उन्हाळ्यात निर्जळी उपास आणि ही गोळी एकत्र जमणार नाही, हे सांगायचे माझ्याकडून राहिले होते.

तिसऱ्या दिवशी कीर्तनकार महाराज स्वतः दवाखान्यात आले. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, माझं कीर्तन लांबलं म्हणून त्या गेल्या का?" मला सरळ उत्तर देता आले नाही. मी त्यांना उष्माघात म्हणजे काय, ते समजावून सांगितले. ते म्हणाले, "हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी गादीवरूनच पाण्याचे हंडे फिरवायला लावले असते."

वाचकहो, त्या एका वाक्याने माझ्या विचाराची दिशा बदलली.

ऊन तेच नाही

'उन्हाळा काय आजचा आहे का?' असे पुष्कळ जण विचारतात. उन्हाळा जुनाच आहे. त्याची मुदत आणि धार मात्र बदलली आहे. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीने त्या महिन्याचे सारे जुने उच्चांक मागे टाकले. म्हणजे होळीनंतर तापणारे ऊन होळीआधीच तापू लागले.

शरीर स्वतःला थंड ठेवते ते घामाने. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल किंवा गर्दीत वारा खेळत नसेल, तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. वृद्धांना तहान उशिरा जाणवते. लघवी वाढवणाऱ्या आणि मनोविकारांवरील काही गोळ्या शरीराची ही व्यवस्था आणखी दुबळी करतात. अंगाचा ताप १०४ अंश किंवा त्याहून अधिक झाला आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात समजावा. येथून पुढे मिनिटे मोजायची असतात.

वेळ ठरवतो कोण?

मी माझ्या खोलीत बसून वर्षानुवर्षे सांगत आलो, "बारा ते चार उन्हात जाऊ नका." रुग्ण मान हलवतात आणि मे महिन्यातल्या लग्नाला १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्तावर हजर होतात, कारण वेळ माझ्या हाती नाही. लग्नाची वेळ गुरुजी काढून देतात. कीर्तनाची महाराज, उरुसाची दर्ग्याचे जाणते लोक आणि मिरवणुकीची उत्सव समिती ठरवते. हजारो माणसे एकाच वेळी उन्हात येतील की सावलीत, हे ज्यांच्या शब्दावर ठरते, त्यांना उष्म्याचे शास्त्र आपण कधी शिकवलेच नाही.

याची किंमत मोठी असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. २०२४ च्या जून महिन्यात हजयात्रेत १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतील बहुतेकांजवळ अधिकृत परवाना नव्हता, त्यामुळे सावली आणि थंड निवाऱ्यापासून ते दूर राहिले होते.

उलट, धर्मक्षेत्रातील माणसे सोबत आली की काय घडते, हेही या देशाने पाहिले आहे. उत्तर प्रदेशात काही वस्त्यांनी पोलिओच्या डोसाला दारे बंद केली होती. तेथे इमामांशी बोलणी झाली, मशिदींतून आवाहने झाली आणि हळूहळू ती दारे उघडली. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही.

अकरा जण आणि एक सकाळ

पुढच्या वर्षी फाल्गुनात आम्ही दोघा-तिघा डॉक्टरांनी आरोग्य केंद्रात एक सकाळ ठरवली. कीर्तनकार, लग्ने लावणारे गुरुजी, मौलाना, विहारातील भन्ते, चर्चचे फादर आणि देवस्थानांचे विश्वस्त असे अकरा जण आले. आम्ही जागतिक तापमानवाढीच्या आलेखांनी सुरुवात केली आणि अर्ध्या तासात दोघांना डुलकी लागली. तेव्हा मौलानांनी हात वर केला. "हे सगळं ठीक आहे, पण माझ्या दारात माणूस पडला तर मी काय करायचं?" आम्ही आलेख मिटले आणि उत्तरापासून सुरुवात केली. त्या दिवशी जे शिकवले, ते आपणही लक्षात ठेवावे :

• आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, जादा कपडे काढा, सर्वांगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा व जांघांत बर्फ ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडीतही अंग ओले ठेवा.
• शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.
• शुद्धीत असलेल्या थकलेल्या माणसाला जलसंजीवनी द्या : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा असावा.
• हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर कार्यक्रम सकाळी नऊच्या आत संपवा किंवा सूर्यास्तानंतर घ्या.
• गावातील एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचे रुग्ण यांची यादी करा. इशाऱ्याच्या दिवशी त्यांच्या दारी दोनदा कोणीतरी जावे.

यानंतर बोलायची पाळी त्यांची होती आणि खरे सांगायचे तर शिकण्याची पाळी आमची. गुरुजी म्हणाले, गोरज मुहूर्त शास्त्राला मान्य आहे. यजमानांना तो सुचवायला आम्हीच आळस करतो. मौलानांनी सांगितले, आजारी माणसाला रोज्यातून सवलत धर्मानेच दिली आहे, पण ती सांगावी लागते. कोणी अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभाच्या दानाची आठवण काढली, कोणी चैत्रगौरीच्या पन्ह्याची. एकाने नांदेडच्या गुरुद्वारात जेठ महिन्यात वाटल्या जाणाऱ्या गोड थंड पाण्याचे, छबीलचे वर्णन केले. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्य सर्वांच्याच घरी होते. पाणपोई कोठे हवी आणि किती वाजता हवी, एवढेच ठरवायचे राहिले होते.

एक मर्यादाही आम्ही आरंभीच स्पष्ट केली. त्यांनी औषध सांगायचे नाही, गोळी बंद करायची नाही आणि पडलेल्या माणसाला अंगाऱ्यावर थांबवून ठेवायचे नाही. 'डॉक्टरांना विचारून उपास करा' हे एक वाक्य त्यांनी म्हटले की पुरे. जेठातल्या निर्जळा एकादशीला माझ्या दहा वेळा सांगण्याने जे होत नाही, ते महाराजांच्या एका वाक्याने होते.

आपण काय कराल?

आपल्या घरी उन्हाळ्यात कार्य असेल, तर गुरुजींना सायंकाळचा मुहूर्त आपणच मागा. गावच्या जत्रेच्या किंवा उत्सवाच्या बैठकीत सावली, पाणी, बर्फाची पेटी आणि रुग्णवाहिकेचा प्रश्न आपणच काढा. आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून अशा एका सकाळीची विनंती करा. होळीपूर्वीचा आठवडा त्यासाठी उत्तम. पावसाळ्याआधी दुसरी बैठक घ्या : पुराच्या पाण्यातून चालल्याने होणारा लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातला डेंग्यू आणि दूषित पाण्याचे जुलाब हे विषयही बदलत्या हवामानाचेच आहेत. घरातील वृद्धांच्या गोळ्यांची यादी घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांकडे एक फेरी मारा. स्वतःहून गोळी थांबवू नका.

त्या गावात आता काल्याचे कीर्तन सकाळी साडेसहाला उभे राहते. दर अर्ध्या तासाने टाळकरी थांबतात, महाराज गादीवरून "पाणी प्या" म्हणतात आणि पोरे तांबे घेऊन रांगांतून फिरतात. मागच्या उन्हाळ्यात मांडव सोडवणारा एक तरुण मजूर चक्कर येऊन पडला, असंबद्ध बोलू लागला. माणसांनी त्याला हौदाजवळ नेऊन भिजवले, बर्फ लावला, १०८ ला बोलावले. तो माझ्याकडे आला तेव्हा स्वतःचे नाव सांगत होता.

त्या बाईंचे यजमान अजूनही रक्तदाबाच्या तपासणीला येतात. दर फाल्गुनात मी त्यांच्या चिठ्ठीवर उन्हाळ्याचे पथ्य लाल शाईने लिहितो. ते घडी करून खिशात ठेवतात आणि म्हणतात, "महाराजांनी सांगितलंय."