टक्के चांगले, तरी प्रवेश का हुकतो?

निकाल लागला की आपल्याकडे दरवर्षी तीच बातमी येते, कोकण राज्यात पहिले. 2025 च्या बारावीत राज्याचा निकाल 91.88 टक्के लागला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेल्या कोकण विभागाचा 96.74 टक्के. मग जूनमध्ये गावोगावच्या विहारांत गुणवंतांचे सत्कार होतात. ते व्हायलाच हवेत. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हाही सत्कार झाला होता आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले होते. गुण होते 750 पैकी 282. पण आजच्या मुलाला शाल देताना, त्याच्या गुणपत्रिकेचे पुढे महाविद्यालय काय करणार हे आपण सांगतो का?

दहावीच्या गुणांना आजही थेट किंमत आहे. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. सर्वोत्तम पाच विषयांच्या 500 पैकी गुणांवर यादी लागते आणि दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिला पर्याय कुणाचे बघून भरू नये. तंत्रनिकेतनातल्या पदविकेलाही दहावीचेच गुण धरतात.

बारावीचे गणित मात्र वेगळे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला सहसा बारावीचे गुणच बघतात. इंजिनिअरिंगला ते फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते. ठरावीक विषयांत खुल्या वर्गाला 45 आणि राखीव वर्गाला 40 टक्के मिळाले की बारावीचे काम झाले, पुढची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मेडिकलला नीट. म्हणजे बारावीला 88 टक्के मिळवलेल्या मुलीने सीईटीचा अर्जच भरला नसेल, तर सीईटीच्या यादीत तिचे नावही नसते. हा अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच भरायचा असतो, त्यामुळे जूनमधले मार्गदर्शन शिबिर तिच्या काही कामाचे नाही. बीबीए, बीसीए, बीएमएसलाही 2024 पासून सीईटी आली, आणि पहिल्या वर्षी इतक्या जागा रिकाम्या राहतील असे दिसले की परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

आणखी एक. एमएचटी-सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावी म्हणजे आरामाचे वर्ष, हा समज आपल्या घरांत फार आहे.

आता आरक्षणाचे. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के जागा आहेत. गुणवत्तेवर खुल्या जागेत बसणारा आपला मुलगा त्या 13 टक्क्यांत मोजला जात नाही, म्हणून 'कोटा आहे ना' म्हणून अभ्यास सोडणे हे आपलेच नुकसान. नॉन-क्रिमीलेअर दाखला अनुसूचित जातींना लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. जात वैधता प्रमाणपत्र मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागतेच, आणि खरी अडचण इथेच होते. धर्मांतरानंतर अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण कागदावर मूळ जात सिद्ध करावीच लागते आणि 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा सर्वांत भक्कम धरतात. तो कुठे असतो? बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या जुन्या नोंदवहीत. कुटुंब मुंबईला, शाळा गावात, आणि मे महिन्यात शाळेला कुलूप.

गावशाखांच्या कार्यकर्त्यांनी हे काम मुले अकरावीत असतानाच हाती घ्यावे. अशा घरांची यादी करा, शाळा सुरू असताना मुख्याध्यापकांकडे जाऊन नोंदवहीचा उतारा मागा आणि पडताळणी समितीकडचा अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरून घ्या.