प्रत माहितीस्तव

शासन निर्णयाचं शेवटचं पान सहसा कुणी वाचत नाही. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आली, खाली सही दिसली की वाचणारा थांबतो. पण कागद कुणासाठी लिहिला होता, हे सहीच्या खालीच कळतं. तिथे ‘प्रति’ म्हणून यादी असते. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे सचिव, मुंबई-नागपूरचे महालेखापाल, अधिदान व लेखा अधिकारी, जिल्हा कोषागार अधिकारी, जिल्हाधिकारी आणि सगळ्यात शेवटी निवडनस्ती, म्हणजे कार्यासनात जपून ठेवायची फाइल. ज्यांच्यासाठी योजना काढली तो शेतकरी, ती विद्यार्थिनी, तो पेन्शनर या यादीत नसतात. फाइलीला मात्र तिची स्वतःची प्रत मिळते.

यात कुणाचा दुष्टावा नाही. शासन निर्णय हा मुळात पैसे सोडणारा आणि अधिकार देणारा कागद. कोषागाराने बिल अडवू नये, लेखापरीक्षकाने आक्षेप काढू नये, म्हणून त्यात वरती ‘वाचा’ खाली जुन्या निर्णयांची जंत्री असते, मग प्रस्तावना, मग लेखाशीर्ष, मग वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक. कोषागारातल्या माणसाला हवं ते सगळं हव्या त्या क्रमाने मिळतं. त्याच्यापुरता हा कागद चांगलाच लिहिलेला असतो. पंचाईत पुढे होते. तोच कागद, जसाच्या तसा, ‘प्रत माहितीस्तव’ असा शेरा मारून तालुक्याला जातो, तिथून ग्रामपंचायतीला, आणि हल्ली पीडीएफ होऊन घराघरांतल्या मोबाइलवर. वाचक बदलत जातो, मजकूर बदलत नाही.

याचं ताजं उदाहरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला. महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६०, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. बायकांनी शोधली ती कागदपत्रांची यादी, आणि उत्पन्नाच्या व अधिवासाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. ३ जुलैला सुधारणा आली. वय ६५ पर्यंत गेलं, पाच एकर शेतीची अट गेली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालू लागला, पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको झाला. रांगा अटींमुळे होत्या, भाषेमुळे नव्हे, हे कबूल. पण त्या निर्णयाचं लाभार्थ्यांसाठीचं लेखन प्रत्यक्षात कुणी केलं असेल, तर ते अंगणवाडी सेविकांनी. ‘कार्ड कुठल्या रंगाचं? आधार बँकेला जोडलंय का? खातं एकटीच्या नावावर आहे ना?’ शासन निर्णयाच्या सगळ्या पानांचा निचोड या तीन प्रश्नांत होता. सेविकांना प्रत्येक अर्जामागे भत्ता जाहीर झाला तो अर्ज भरण्याचा. मजकूर लोकांच्या बोलीत आणण्याच्या कामाला कुठल्याच लेखाशीर्षात जागा नाही.

आपल्याकडे पत्र लिहिताना समोरच्याचं भान नव्हतं असं नाही. उलट फार होतं. हेमाडपंतांच्या नावावर सांगितलं जाणारं मेस्तक हा लेखनप्रकार म्हणजे कुणाला काय मायना लिहायचा याचीच शिकवण. पेशवे दफ्तरातली पत्रं उघडली की ‘राजमान्य राजश्री’, ‘तीर्थरूप’, ‘गोसावी यांसि’ यांवरून लिहिणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा दर्जा लगेच ठरवता येतो. ती सवय अजून आहे. अर्जात ‘मा.’ राहून गेला तर कारकुनाच्या कपाळावर आठी येते. थोडक्यात, वाचक कोण मोठा हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. हा कागद हातात पडल्यावर त्याला करायचं काय आहे, हा प्रश्न मात्र मायन्यात मावत नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पदनाम कोश, शासन व्यवहार कोश झाले. इंग्रजीतला कारभार मराठीत आणण्याचं ते काम मोठंच होतं. पण त्यातून कारभाराची भाषा बदलली, वाचक तोच राहिला, म्हणजे वरचा साहेब.

नगरपालिकेतली एक नेहमीची गोष्ट घेऊ. गावाची मुख्य जलवाहिनी फुटते, दुरुस्तीला दीड दिवस लागणार. वर्तमानपत्रात निवेदन येतं: ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीवर तातडीचे देखभाल-दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येत असल्याने शहराचा पाणीपुरवठा बंद राहील व तद्नंतर कमी दाबाने होईल. तरी नागरिकांनी पाण्याचा काटकसरीने वापर करून सहकार्य करावे.’ हे वाक्य बांधलंय मुख्याधिकाऱ्यांच्या सहीसाठी. घरातल्या बाईला हवं ते असं: ‘गुरुवारी पाणी येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी येईल, पण दाब कमी असेल. वरच्या मजल्यावर चढणार नाही. बुधवारीच भरून ठेवा.’ चावीवाल्याला यातलं काहीच नको. त्याला कुठली चावी किती वाजता बंद करायची आणि उघडताना आधी कुठली, एवढं चिठ्ठीवर हवं. क्रम चुकला तर खालच्या गल्लीत पाणी धो-धो आणि टेकडीवर ठणठणाट. दवाखान्यांना आणि डायलिसिस केंद्राला फोन करून मग पत्र, त्यात टँकर कधी येणार आणि तो चुकला तर बोलायचं कुणाशी. मुख्याधिकाऱ्यांपुढच्या टिप्पणीत खर्च किती, निविदेविना काम करायचा अधिकार कुठल्या तरतुदीखाली, आणि हीच वाहिनी पुन्हा का फुटली. पाइप एक, कागद पाच. यातला टिप्पणीचा कागद नेहमी व्यवस्थित असतो. चावीवाल्याची चिठ्ठी बहुधा नसतेच. त्याला तोंडी सांगतात, आणि पुढच्या वेळी तो रजेवर असतो.

टिप्पणीबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. लिपिकाने मांडावं, कक्ष अधिकाऱ्याने तपासावं, अवर सचिव, उपसचिव असं करत वर जावं, आणि वरच्याला दोन मिनिटांत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता यावं, ही रचना शहाणपणाची आहे. चांगला टिप्पणीकार आधी प्रश्न लिहितो, मग नियम, मग पूर्वीचं उदाहरण, मग आपलं मत, शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. तिला कीड लागते ती ‘करण्यात यावे’, ‘करण्यात येत आहे’ या क्रियापदांची. करणारा कोण ते त्यात कधीच कळत नाही, आणि ते कळू नये हीच लिहिणाऱ्याची इच्छा असते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने या टिप्पणीला एक अनपेक्षित वाचक दिला. आपण लिहिलेला शेरा उद्या अर्जदार दहा रुपयांच्या अर्जावर मागवून वाचेल, याची धास्ती इतकी होती की २००६ मध्ये टिप्पण्या कायद्याबाहेर ठेवण्याची दुरुस्ती केंद्राने पुढे आणली. विरोध झाला, ती मागे पडली. तेव्हापासून टिप्पण्या जास्त स्पष्ट झाल्या असं म्हणवत नाही. त्या जास्त जपून लिहिल्या जातात, आणि खरी चर्चा ‘चर्चा केली’ या दोन शब्दांत दडते.

मोठ्यांचंही चुकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल, तो कळतच नाही म्हणून, परत पाठवला. प्रकरण होतं एका बँक कर्मचाऱ्यावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईचं. निकाल सोपा असावा, परिच्छेदांना क्रमांक असावेत, हरलेल्या पक्षालाही आपण का हरलो ते कळावं, असं त्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. नोकरीची झळ सोसणारा माणूस निकालाचा पहिला वाचक असतो. निकाल लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बहुतेकदा वरचं न्यायालय असतं.

कारखान्यांत हा विचार कायद्याने फार आधी केला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, दाराजवळ ठळक जागी लावायच्या असत. तेव्हा बहुसंख्य म्हणजे कोण हे उघड होतं. आज चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर बीडचा, बिहारचा आणि ओडिशाचा मुलगा एकाच प्रेसवर पाळीपाळीने उभे असतात. कंपन्यांनी चित्रं आणि रंग वापरून बोर्ड बरे केलेत. खरा धोका पाळी बदलताना लिहिल्या जाणाऱ्या लॉगबुकात असतो. ‘नं. ४ ऑइल लीक, बघून घेणे.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने आपली जबाबदारी संपवण्यासाठी लिहिलंय. ‘नं. ४ चं ऑइल गळतंय, गार्ड काढून ठेवलाय, मेंटेनन्स सही करेपर्यंत चालू करू नका’ हे पुढच्या पाळीतल्या माणसाच्या बोटांसाठी. दोन्हींत फरक असतो तो अर्ध्या मिनिटाचा, आणि पाळी सुटताना सगळ्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे असतं.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या मेलांवर वेगळा लेख होईल. तिथे परदेशी क्लायंटला नरम आणि टीमला गरम अशा दोन भाषा सगळ्यांना येतात. औषधांच्या दुकानात मात्र मला एक अस्सल यश दिसतं. डॉक्टरची लॅटिन अक्षरं बाजूला ठेवून केमिस्ट पाकिटावर ‘१-०-१’ लिहितो: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अक्षरओळख जेमतेम असलेल्या आजीलाही ते कळतं, कुठल्याही राज्यात कळतं.

बँकांनी आता हीच वाट धरावी असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघु-मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, मुख्य बाबींचं एक पत्रक द्यावं लागतं. व्याज, शुल्कं, सगळं धरून वर्षाचा खरा दर किती आणि दंड किती, ते त्यात लिहायचं. सरकारी कागदांत इतका नेमका वाचक मनात धरलेला कागद मी फारसा पाहिला नाही. त्याच हुकमात पुढे असंही आहे की मजकूर कर्जदाराला समजावून सांगायचा आणि त्याला तो समजला अशी त्याची पोच घ्यायची. कर्जाच्या फायलीत सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता ‘समजले’ याच्यापुढेही तशीच एक फुली असते.