वेगाच्या काट्यावरचा शिक्का

रत्नागिरीच्या बाजारात काजूगर किंवा मासळी ज्या काट्यावर तोलली जाते, त्या काट्याची ठरावीक मुदतीने सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्यावर तसा शिक्का असावा लागतो. 1 जुलै 2025 पासून याच वैधमापन कायद्याखालचे नियम रस्त्यावर वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडारलाही लागू झाले. पडताळणी आणि शिक्का झाल्याशिवाय असे रडार वापरायचे नाही, असे हे नियम सांगतात. त्यापूर्वी या यंत्रासाठी त्या नियमांत स्वतंत्र तरतूद नव्हती. वेगाचे चलान मात्र त्याही आधीपासून फाडले जात होते.

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या आसपास किंवा घाट संपून रस्ता सरळ होतो तिथे महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी दिसते. तिच्यात स्पीड गन असते. गणपतीला आलेले चाकरमानी परत मुंबई गाठतात आणि मोबाइलवर ई-चलान येते. ‘आपण एवढ्या जोरात नव्हतोच,’ असे घरोघरी बोलले जाते. बहुतेक वेळा यंत्र खरे असते. पण ‘बहुतेक वेळा’ एवढ्यावर दंड बसवता येत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 183 हे ओळखते. एकाच साक्षीदाराला गाडी जोरात वाटली म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाचा आधार असावा लागतो. म्हणजे सगळा भार त्या साधनावर येतो आणि ते कसे चालते, कुठे चुकते, हे माहीत असणे गरजेचे ठरते.

रडार गन सूक्ष्मलहरी सोडते आणि गाडीवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते पाहते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेले हे तत्त्व आहे. सेकंदाला सुमारे 24 अब्ज कंपने असलेल्या लहरींत गाडीच्या ताशी एका किलोमीटरमागे जेमतेम 45 कंपनांचा फरक पडतो. ताशी 80 ला हा फरक 3,600 च्या घरात जातो. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचाच हा टप्पा आहे, म्हणून तर अशी गन ठरावीक सुराच्या स्वरकाट्याने तपासता येते. पण त्याच कारणाने पोलीस गाडीतल्या एसीच्या पंख्याची फिरती पातीही तिला एखाद्या वाहनासारखी भासू शकतात. शेजारी वॉकी-टॉकी चालू असेल, वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल, तर यंत्राच्या विद्युत मंडलात नको ते संकेत शिरतात. चांगली यंत्रे असा गोंधळ ओळखून आकडा दाखवायचेच नाकारतात. जुनी किंवा निकृष्ट यंत्रे आकडा दाखवून मोकळी होतात.

दुसरी अडचण झोताच्या रुंदीची. बारा अंशांचा झोत शंभर मीटरवर सुमारे 21 मीटर पसरतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मार्गिका त्यात येतात. साध्या रडारला सगळ्यात जोरदार परावर्तन पकडायची सवय असते. पुढे दुचाकी आणि मागे कंटेनर असेल, तर कंटेनरचा वेग दुचाकीस्वाराच्या नावावर लागू शकतो.

कोनामुळे येणारी चूक मात्र चालकाच्या बाजूची असते. गन रस्त्याशी 20 अंशांत धरली, तर ताशी 80 ची गाडी 75 दिसते. कोकणातल्या वळणांवर हे घडणारच. उलटा प्रकार धावत्या पोलीस गाडीतून वेग मोजताना होतो. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग काढताना यंत्र एकूण जवळ येण्याच्या वेगातून स्वतःच्या गाडीचा वेग वजा करते. पुढे चाललेल्या ट्रकला ते स्थिर रस्ता समजले, तर स्वतःचा वेग कमी मोजते आणि उरलेला फरक समोरच्याच्या माथी येतो.

हे कागदावरचे दोष नाहीत. 1979 मध्ये अमेरिकेतल्या मायामीत एका दूरचित्रवाणी वार्ताहराने पोलिसांचे रडार ताडाच्या झाडावर रोखून दाखवले आणि झाडाचा वेग आला ताशी 86 मैल. एका घराचा आला 28 मैल. त्याच वर्षी तिथल्या न्यायालयाने रडारचा पुरावा अमान्य ठरवला. 2012 मध्ये बाल्टिमोर शहरात लाल दिव्याला थांबलेल्या मोटारीला ताशी 38 मैलांचे चलान गेले. चित्रफितीत गाडी जागची हललेली दिसत नव्हती. पाच कॅमेऱ्यांवर चुकांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या पुढे असल्याचे यंत्रणा चालवणाऱ्या झेरॉक्स कंपनीने तेव्हा मान्य केले. पुढच्या वर्षी शहराला ती कॅमेरा-योजना थांबवावी लागली.

हे झाले रडारचे. इंटरसेप्टरमध्ये असते ती मात्र लेसर गन. तिचा झोत तीनशे मीटरवरही साधारण मीटरभरच पसरतो, त्यामुळे कोणते वाहन हा घोळ कमी होतो. ती प्रकाशाचे ठोके पाठवून अंतर वारंवार मोजते आणि त्यावरून वेग काढते. इथे धोका हात हलण्याचा. मोजणीच्या 0.3 सेकंदात लेसरचा ठिपका समोरच्या काचेवरून दीड मीटर पुढे असलेल्या नंबरप्लेटवर घसरला, तर गाडी तेवढी अधिक जवळ आली असे यंत्राला वाटते आणि आकड्यात ताशी 18 किलोमीटरची भर पडू शकते. विसंगत मोजण्या गाळण्याची सोय यंत्रात असते. तरी गन तिपाईवर ठेवणे आणि एकाच बिंदूवर नेम धरणे याला पर्याय नाही. शिवाय रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मुसळधार सरींत आणि घाटातल्या धुक्यात लेसरचा पल्ला आखडतो.

नव्या वैधमापन नियमांचा मजकूर डॉप्लर रडारला धरून आहे. त्यांच्यामागे आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर 91 ही शिफारस आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर ताशी शंभरपर्यंत तीन किलोमीटर आणि त्यापुढे तीन टक्के एवढी चूक ही शिफारस चालवून घेते. म्हणून 80 च्या मर्यादेला 82 वर चलान करणे शहाणपणाचे नाही. लेसर गनसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 167 अ आहे. ऑगस्ट 2021 च्या या नियमानुसार स्पीड गनसह प्रत्येक साधनाला मान्यता प्रमाणपत्र लागते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि चलानाची सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत द्यावी लागते.

घाटातल्या अपघातांत माणसे मरतात आणि वेग हे त्याचे मोठे कारण आहे. पोलिसांनी वेग मोजलाच पाहिजे. पण प्रमाणपत्र गुलदस्त्यात राहिले, की खरोखर बेफाम हाकणाराही ‘मशीनच चुकीचे’ म्हणून सुटायला बघतो आणि जो नियमात होता त्याला दाद मागायला आधार मिळत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक गनचा क्रमांक आणि तिच्या शेवटच्या पडताळणीची तारीख संकेतस्थळावर टाकायला फार खर्च येणार नाही. तोवर चलान आलेल्याने आधी छायाचित्र पाहावे. चौकटीत आपल्याशिवाय दुसरे वाहन आहे का, जागा आणि वेळ जुळते का, हे तपासावे. शंका राहिली तर ई-चलानाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि त्या साधनाचे त्या दिवशी चालू असलेले प्रमाणपत्र मागावे.